पद्मिनीच्या पोटातला गंज

पद्मिनी कामाला आली की मालक बॉनेटचा उडालेला रंग दाखवतो आणि मी पायाखालचं रबरी मॅट उचलतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या या गाडीचं मूळ म्हणजे १९५३ साली इटलीत आलेली फियाट ११००. तिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे पोकळ सिल आणि टप, यांच्यावरच सगळा भार. हा तळ सडला की गाडी मधोमध बसते. जॅक लावा, दारं लागेनाशी होतात.

लोखंडाला गंजापासून राखायची विद्या मोटारीपेक्षा जुनी. एकोणिसाव्या शतकात जहाजांना आणि पुलांना जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावत. हो, मारुतीला लावतात तोच, शिशाचं ऑक्साइड. तेल आणि शिसं यांच्यातून साबणासारखा पदार्थ बनतो आणि तो गंजाची क्रियाच रोखून धरतो. पण शिसं विषारी, शिवाय हा रंग वाळायला फार वेळ घेणारा. म्हणून रेड ऑक्साइड रुळला. दिसायला जवळपास तसाच, त्यामुळे आमच्या धंद्यातली जुनी माणसंसुद्धा दोन्ही एकच धरून चालत. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचाच भाईबंद. स्वतः तो गंजाशी झगडत नाही, पाणी अडवतो तेवढंच. एक ओरखडा पडला की संपलं.

परदेशात कारखान्यांनी वाट वेगळी काढली. १९०६ साली इंग्लंडमध्ये कॉस्लेट यांनी फॉस्फरिक आम्लाच्या मदतीनं लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवायचं पेटंट घेतलं. पुढे १९६० च्या दशकात फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांच्या प्रयोगांतून अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहानं रंग चढवायची पद्धत आली. फवारा जिथं पोचत नाही त्या पोकळ्यांत रंग पोचला. आधी बॉडी धन टोकाला जोडत, त्यात लोखंडाचा अंश रंगात उतरे. १९७० च्या दशकात टोकं उलटी केली आणि गंज बराच आटोक्यात आला.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर दोनच उपाय असत: खालून जळकं ऑइल मारायचं, नाहीतर डांबरी अंडरकोटिंग. मी ऑइलवाल्यांच्या बाजूचा. घाण होते, वास मारतो, रबरी बुश फुगतात, सगळं कबूल. पण ऑइल फटीत शिरतं. डांबर पहिला पावसाळा झकास दिसतं. मग उन्हानं, इंजिनाच्या धगीनं कडक होतं, तडकतं, पाणी आत ओढतं आणि तिथंच धरून ठेवतं. वरून काळंभोर, अखंड. पेचकस टोचला तर आरपार. टॅक्सीवाल्यांना मात्र दोष देववत नाही. वर्षाचं पासिंग निघालं की त्यांचा हिशेब पुरा होत होता.

एका टॅक्सीचा डावा सिल कापला तेव्हा डांबराचा सगळा इतिहास हातात आला. मॅटखाली ओला नमदा, त्याखाली डांबर, डांबराखाली रिव्हेट मारून बसवलेला तेलाच्या डब्याचा पत्रा (ब्रँडचं अर्धं नाव अजून वाचता येत होतं), त्याखाली लांबीचा जाड थापा आणि शेवटी मूळ पत्रा, कागदाइतका पातळ. पोटात लाल चिखल. तळाशी पाणी जायला कारखान्यानं भोकं ठेवली होती, ती डांबरानंच बुजवलेली!

अशा ठिकाणी लेप-बिप काही नाही. सडकं कापायचं, नवा पत्रा वेल्ड करायचा. सांध्यात दबणाऱ्या कडांना आधी झिंकचा प्रायमर. उरलेल्या भागात गंजाचे बारीक खड्डे असतील तर सैल गंज खरवडून टॅनिनचा कन्व्हर्टर लावतो. लाल गंज काळानिळा पडतो. हिरडा आणि हिराकशीच्या शाईत हेच रसायन काम करायचं. त्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि लांबी भरायची ती त्यानंतर, कारण लांबी ओल पिते. रंगकाम उरकलं की पोकळ्यांत लांब नळीनं पातळ मेण मारायचं, तळच्या भोकांतून थेंब पडेपर्यंत. मग तार घालून ती भोकं मोकळी करायची. टाकीत बुडवायची सोय नसलेल्या जुन्या बॉडीला आतून झाकायचा याहून बरा मार्ग मला सापडलेला नाही.

२९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या नियमानं २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आता येतात ते हौशी मालक. त्यांना क्रोम चकचकीत हवं असतं, रंग मूळ छटेचा हवा असतो. बिलात मेणाची ओळ दिसली की विचारतात, ‘हे दिसणार कुठं?’ ती ओळ मी खोडत नाही. फारच ताणलं तर म्हणतो, बंपरचं क्रोम पुढच्या वर्षी करू.