जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट अडते तेव्हा

पहिल्या दमदार पावसाने खाचरांत पाणी साचले, की भाताच्या चिखलणीला मोजकेच दिवस मिळतात. राबातील रोपे तयार असताना ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेनाशी झाली, तर लावणी लांबते आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी दुसऱ्याच्या दारी थांबावे लागते. पालघर तालुक्यात बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीलगत पाम, कुंभवली, सालवड अशी गावे आहेत. तेथे कारखान्यातील पाळी सांभाळून घरची खाचरे कसणाऱ्यांना तर हा खोळंबा अधिकच महाग पडतो. अशा घाईत ‘पंप गेला’ असे निदान होते आणि सर्वांत खर्चिक भाग सर्वांत आधी बदलला जातो. वास्तविक दोषाचा शोध बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे घ्यावयाचा असतो. पंपाचा क्रम त्यात शेवटचा आहे.

रचना कशी असते?

ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार जोडण्याची आणि ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याने विकसित केली. १९३९ मध्ये ‘फोर्ड ९एन’ या ट्रॅक्टरमुळे ती जगभर पोहोचली. भारतात १९६० मध्ये चेन्नईत ‘टॅफे’ आणि १९६३ मध्ये मुंबईत महिंद्र समूहाची ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी’ स्थापन झाली. मॅसी फर्ग्युसन १०३५ किंवा बी-२७५ यांसारखे त्या परंपरेतील जुने ट्रॅक्टर डागडुजी करून दीर्घकाळ वापरता येतात.

बांधणीत फरक असले, तरी तत्त्व एकच आहे. पंप गाळणीतून तेल ओढतो. नियंत्रण झडप ते सिलिंडरकडे सोडते. दट्ट्या पुढे सरकतो आणि लिफ्टच्या भुजा वर उचलल्या जातात. खाली येताना अवजाराचे वजनच तेलाला परत टाकीत लोटते. दाब मर्यादेपलीकडे गेला, तर रिलीफ झडप उघडून तेल बाहेर सोडते. चालकाजवळ सहसा दोन लिव्हर असतात. पहिल्याने अवजाराची उंची ठरते, तर दुसऱ्याने नांगराला मातीचा विरोध जाणवेल त्यानुसार खोली राखली जाते.

लिफ्ट मुळीच उचलत नसल्यास

प्रथम लिव्हर तपासावेत. एक लिव्हर वापरताना दुसरा पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेवर असावा लागतो. तो भलतीकडे असल्यास लिफ्ट मनमानी वागते. ट्रॉली उलटविण्यासाठी बाहेर तेल देणारी कळ बाहेरच्या बाजूस वळलेली राहिली असेल, तर भुजांकडे तेल जात नाही. फर्ग्युसन पद्धतीच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या दांड्यावर चालतो. पीटीओचा लिव्हर सुटलेला असेल, तर पंप फिरतच नाही. लिव्हरपासून आत जाणाऱ्या जोडातील पिन निसटली आहे काय, हेही पाहावे.

यानंतर सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून डिपस्टिकने तेलाची पातळी बघावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते. ते कमी झाले की पंप हवा ओढतो. तेलावर फेस दिसणे आणि पंपाचा कर्कश आवाज येणे ही त्याची खूण होय.

हळू उचलत असल्यास

येथे तापमान बरेच काही सांगते. सकाळी सुस्त असलेली लिफ्ट तेल तापल्यावर सुधारत असेल, तर तेल गरजेपेक्षा दाट आहे किंवा गाळणी तुंबलेली आहे. उलट, सकाळी ठीक असलेली लिफ्ट दुपारी ढिली पडत असेल, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या फटींतून निसटत आहे. अशा वेळी ओ-रिंग, झडपा किंवा पंप यांची झीज संभवते. पहिल्या प्रकारात तेल बदलून आणि गाळणी धुऊन काम भागते.

झीज नेमकी कोठे आहे, हे दाबमापक सांगतो. बाहेर तेल देणाऱ्या तोंडाला तो जोडून मिस्त्रीने दाब पाहावा. जुन्या ट्रॅक्टरांत पूर्ण दाब साधारणपणे दीडशे ते दोनशे बार असतो. नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. दाब पूर्ण येत असूनही भुजा वर जात नसतील, तर पंपाला दोष देता येत नाही. दोष सिलिंडरकडे, भुजांच्या जोडात किंवा अतिवजनात असतो. दाबच येत नसेल, तर गाळणी, रिलीफ झडप आणि मग पंप, या क्रमाने पाहावे. ही एक चाचणी पंपाचा अनावश्यक खर्च वाचवू शकते.

उचललेले अवजार खाली येत असल्यास

इंजिन बंद केल्यावर अवजार काही क्षणांत खाली येत असेल, तर तेल सिलिंडरच्या बाजूने गळत आहे. दट्ट्याची ओ-रिंग, सिलिंडरचे पॅकिंग किंवा झडपेची बैठक खराब झालेली असते. इंजिन चालू असताना अवजार मान डोलावल्यासारखे सतत वर-खाली होत असेल, तर तेही बहुधा याच गळतीचे लक्षण होय. अवजार थोडे खाली आले की नियंत्रण झडप ते पुन्हा उचलते आणि हे चक्र चालू राहते. पंप बदलून हा दोष जात नाही. पुष्कळदा अल्प किमतीची ओ-रिंग पुरेशी असते. मात्र ती बसविण्यासाठी लिफ्टचे झाकण उघडावे लागत असल्याने मजुरी अधिक पडते. म्हणून झाकण एकदा उघडले, की आतील सर्व पॅकिंग एकाच वेळी बदलणे हिताचे ठरते.

भातशेतीतील खरा शत्रू : पाणी

भात पिकविणाऱ्या कोकणपट्टीत ट्रॅक्टर तासन् तास पाण्यात व चिखलात चालतो. झिजलेल्या ऑइल सीलमधून, लिव्हरच्या फाटलेल्या रबरी आवरणातून किंवा हवा जाण्याच्या छिद्रातून पाणी आत शिरते. तेल दुधाळ चहासारखे दिसू लागते. नियंत्रण झडपेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंज चढतो. मग झडप अडकते आणि लिफ्ट कधी उचलत नाही, तर कधी खाली येत नाही. शंका असल्यास तेलाचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकावा. तो तडतडल्यास तेलात पाणी आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तळाचा नट थोडा सैल केल्यास बऱ्याचदा आधी पाणीच बाहेर येते. केवळ वरून नवे तेल ओतणे हा उपाय नव्हे. सर्व तेल काढावे, गाळणी धुवावी, गळके सील बदलावे आणि मगच कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल भरावे. काढलेले तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये.

जिवाची काळजी

उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नये. तेलाच्या भरवशावर टांगलेले वजन क्षणात कोसळू शकते. काम करण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे आणि लिव्हर खाली घेऊन दाब उतरवावा. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. सुईच्या छिद्रातून उडालेली तेलाची धार त्वचा भेदून आत जाते. जखम किरकोळ दिसली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास बोट वा हात गमावण्याची वेळ येते.

चिखलणी संपताच तेलाचा रंग पाहणे आणि पावसाळ्यापूर्वी गाळणी व सील तपासून घेणे, एवढी शिस्त पाळली तरी ऐन लावणीतील बरेचसे खोळंबे टळतील. मिस्त्रीकडे जाताना केवळ ‘लिफ्ट चालत नाही’ असे सांगू नये. ती थंड असताना अडते की तापल्यावर, उचलत नाही की टिकत नाही आणि तेलाचा रंग कसा आहे, एवढे सांगितले तरी निम्मे निदान तेथेच होते.