कांडीपासून रिळापर्यंत

कोल्हापुरातून घाट उतरून मालवणच्या किनाऱ्यावर गळ टाकण्यास निघालेले हौशी मित्र आम्हांस विचारतात, ‘रीळ कोणते घ्यावे?’ उत्तर देताना आम्हांस समुद्राआधी इचलकरंजी आठवते.

तेथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालविला. पुढच्याच वर्षी इंग्लंडातील ब्रॅडफर्ड या लोकर-गिरण्यांच्या शहरातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर रिळाचे पेटंट घेतले. मागाच्या धोट्यात कांडी स्वतः फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून सुटत जाते. या रिळाचे तत्त्व नेमके तेच. जुने रीळ दोरीबरोबर फिरे. हलक्या आमिषाला ते फिरविता येत नसे, आणि वेगाने फिरलेच तर दोरीचा गुंता होई.

आमिषाची कथा अधिक हृद्य आहे. फिनलंडमधील गरीब कोळी लाउरी रापाला याने १९३६ च्या सुमारास बुचातून मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या फिती वितळवून लेप दिला. पोटासाठी घडविलेली ती वस्तू आज हौसेच्या दुकानात महाग विकली जाते!

म्हणून आम्ही सांगतो : आधी आमिष, मग काठी, शेवटी रीळ. खाडीच्या मुखाशी जिताडा, तांबोशी यांसाठी १५ ते ३० ग्रॅमचे आमिष, तेवढे वजन फेकणारी सात-आठ फुटी काठी आणि तिला तोलणारे मध्यम रीळ पुरे. विणलेल्या दोरीच्या टोकाशी जाड नायलॉनचा हातभर तुकडा मात्र हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्यांची धारदार झाकणे दोरी कापतात. घरी परतताच रीळ गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावे. आमचे पहिले रीळ आम्ही याच आळसात गमावले.