हूकचा सांधा व गाडीचा कंप

आमच्या एका पुण्यांतील स्नेह्यांपाशीं त्यांच्या वडिलांच्या वेळची ब्रिटिश बनावटीची, दोन आसनांची एक स्पोर्ट्‌स गाडी आहे. वडिलांच्या मागें त्यांनीं ती मोठ्या ममतेनें जपली. परंतु मध्यंतरीं तिला एक चमत्कारिक दुखणें जडलें. वेग ताशीं पन्नास मैलांच्या घरांत गेला कीं बैठकीखालचा पत्रा गुणगुणूं लागे, आरसा थरथरे, आणि साठाच्या पुढें पायांस मुंग्या आल्यासारखें होई. टायर बदलून झाले, गिअरबॉक्स दोनदां उतरवून झाला, इंजिनाखालचे रबरी ठोकळेहि नवे घातले. पैसा गेला; कंप मात्र राहिला. अखेर ‘विकून टाकतों’ अशा निर्वाणीवर ते आले असतां एका वृद्ध मिस्त्र्यानें अर्ध्या दिवसांत दोष हुडकून दिला. त्या दोषाचें मूळ शोधूं गेल्यास मनुष्यास थेट सतराव्या शतकांत जावें लागतें. तो इतिहास मनोरंजक आहे, व उपयुक्तहि आहे, असें वाटल्यावरून आम्ही तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम अडचण काय होती तें पाहूं. इंजिन व गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यास जखडलेले; मागचा आंस मात्र कमानींवर टांगलेला, म्हणून रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यासरशीं वरखालीं होणारा. या दोहोंमध्यें शक्ति वाहून नेणारा दांडा फिरतांफिरतांच वांकला पाहिजे. यावर तोड म्हणजे दोन बेचकीं एकमेकांसमोर आडवीं धरून त्यांच्या चार टोंकांमध्यें एक क्रॉस बसविणें. यासच युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. युरोपांत पुष्कळ ठिकाणीं त्यास इटालियन पंडित जिरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) याचें नांव मिळालें आहे. परंतु कार्दानोच्या लेखनांत वर्णन आहे तें वस्तु हिंदकळूं न देणाऱ्या झुलत्या कड्यांचें, फिरती शक्ति वाहणाऱ्या सांध्याचें नव्हे. कीर्ति कधीं कधीं अशी परभारें वांटली जाते!

गास्पार शॉट नांवाच्या जर्मन जेसुइट विद्वानानें १६६४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या सांध्याचें वर्णन केलें, आणि एका बाजूचा दांडा ज्या समगतीनें फिरतो त्याच समगतीनें दुसऱ्या बाजूचाहि फिरतो, असें लिहिलें. विधान अगदीं सयुक्तिक दिसतें. एकाची एक फेरी तेव्हां दुसऱ्याचीहि एकच फेरी. मग गतींत भेद कोठून येणार? परंतु विधान चूक होतें. तें इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें ओळखलें. सूर्याकडे पाहण्याच्या दुर्बिणींविषयीं त्यानें १६७६ मध्यें जें पुस्तक काढलें, त्यांत या सांध्यास ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हें नांव प्रथम आढळतें.

हूकची दृष्टि येथें पोंचली ती सूर्यघटिकायंत्रावरून, ही मौजेची गोष्ट होय. सूर्य आकाशांत दर तासास पंधरा अंश चालतो. परंतु सपाट तबकडीवर पडणारी शंकूची छाया तशी समगतीनें चालत नाहीं. पुण्याचें अक्षांश सुमारें साडेअठरा. येथें अशी तबकडी मांडल्यास दुपारीं बारा ते एक या तासांत छाया पांच अंशहि सरकत नाहीं, व सायंकाळीं पांच ते सहा या तासांत सुमारें चाळीस अंश सरकते. बारा तासांचा हिशेब बरोबर जमतो. मधली चाल मात्र विषम. हूकला दिसलें कीं, वांकलेल्या सांध्याच्या दोन दांड्यांमध्यें हेंच गणित चालतें. एक दांडा समगतीनें फिरला तरी दुसरा एका फेरींत दोनदां पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. वांक दहा अंशांचा असेल तर हा चढउतार शेंकडा दीडच्या सुमाराचा. तीस अंशांचा असेल तर चढ शेंकडा पंधरा व उतार तेरा.

रोग ओळखणाऱ्यानेंच पुढें १६८३ मध्यें औषधहि सांगितलें: एकाऐवजीं दोन सांधे घालावे, म्हणजे पहिल्यानें केलेली विषमता दुसरा फेडील. मात्र पथ्यें दोन आहेत. दोन्हीं टोंकांचा वांक सारखा असावा, आणि मधल्या दांड्याच्या दोन टोंकांचीं बेचकीं एकाच पातळींत असावीं. तीं एकमेकांस काटकोनांत बसलीं तर दुसरा सांधा पहिल्याचा दोष फेडण्याऐवजीं दुप्पट करतो. पुढें १८२४ मध्यें पाँसले या फ्रेंच गणितज्ञानें या गतीचें सशास्त्र विवरण केलें.

मोटारगाडी येईपर्यंत या सूक्ष्म विषमतेचा जाच सामान्य मनुष्यास झाला नव्हता. आरंभींच्या पुष्कळ गाड्या सांखळीवर चालत. १८९८ च्या डिसेंबरांत लुई रेनॉ यानें पॅरिसच्या माँमार्त्र टेंकडीवर आपली छोटी गाडी चढवून दाखविली. तींत सांखळीच्या जागीं सांध्यांचा दांडा होता. १९०३ मध्यें अमेरिकेंत क्लॅरेन्स स्पायसर यास आपल्या सांध्याचें पेटंट मिळालें, व दुसऱ्याच वर्षीं त्यानें कारखाना घातला. वेग वाढले तसा दुसराहि एक शत्रु पुढें आला. लांब दांडा विवक्षित वेगास पोंचला कीं दोरीउडीच्या दोरीसारखा फुगूं लागतो. याचा विचार स्कॉटलंडचा रँकिन यानें १८६९ मध्यें व डंकर्ली यानें १८९४ मध्यें केला होता. यास्तव मोटारींचा दांडा पोकळ नळीचा करतात, व फार लांब असल्यास मध्यें आधार देऊन त्याचे दोन तुकडे करतात. विषमता समूळ घालविणारा गोळ्यांचा सांधा रझेपा यानें १९२६ च्या सुमारास काढला, व १९५९ च्या मिनी गाडीच्या पुढल्या चाकांस त्याच जातीचे सांधे होते. परंतु मागच्या आंसावर चालणाऱ्या त्या काळच्या स्पोर्ट्‌स गाड्यांत हूकचीच जोडी बहुधा कायम राहिली.

आतां त्या मिस्त्र्याकडे वळूं. त्यानें प्रथम पाना हातीं धरलाच नाहीं. गाडी उभी ठेवून इंजिन चढवून पाहिलें, कंप नाहीं. मग रस्त्यावर एकाच वेगानें तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्यें चालविली. इंजिनाचे फेरे बदलले, कंप बदलला नाहीं. अर्थात् दोष गिअरबॉक्सच्या मागें. गिअर काढून गाडी नुसती घरंगळूं दिली, कंप तसाच. राहिलीं चाकें व दांडा. येथें हिशेब उपयोगी पडतो. साठ मैलांच्या वेगास अशा गाडीचें चाक सेकंदास सुमारें चौदा वेळां फिरतें. आंसांतील दांत्यांचें प्रमाण ३.९ धरल्यास दांडा पंचावन्न वेळां. आणि सांध्याचा चढउतार फेऱ्यास दोनदां, म्हणजे सेकंदास एकशें दहा वेळां. चाकाचा दोष अंगास हिसके देतो. गुणगुण करणारा दोष दांड्याचा.

गाडीखालीं शिरल्यावर सांधे घट्ट निघाले. पण दोन टोंकांचीं बेचकीं एका पातळींत नव्हतीं! दांडा दोन भागांचा, एकांत एक सरकणाऱ्या खांचांचा; पूर्वीं केव्हां तरी ग्रीस भरण्याकरितां सोडविला असतां कोणीं तरी तो कांहीं खांचा चुकवून परत बसविला होता. तारेच्या ब्रशानें रंग खरवडतांच दोन्हीं भागांवरचे दोन लहान बाण दिसूं लागले. ते समोरासमोर आणून दांडा चढविला, आणि त्या सायंकाळीं साठ मैलांवर आरसा स्थिर राहिला.

शॉटची चूक व आमच्या स्नेह्यांची चूक जातीनें एकच, असें आम्हांस वाटतें. दोघांनींहि जें उघड दिसलें तें पुरेसें मानलें. फेऱ्याच्या आंत काय घडतें, हें विचारलें नाहीं. भाग बदलण्याची घाई हें निदान नव्हे. तो केवळ खर्च होय, आणि त्यापायीं घरची एक आठवण बाजारांत जाणार होती.

आम्हीं मिस्त्र्यास हूकची ही हकीकत सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली व हात पुशीत म्हटलें, “साहेब, बाण करणारानें करून ठेवलेले असतात. त्यांच्यावर रंग मारूं नये, एवढेंच.”