वॉकरसाहेबांचा झोका

१८७७ च्या भीषण दुष्काळानंतर ब्लॅनफर्डने हिमालयावरील बर्फ पाहून पावसाचे अनुमान बांधावयास घेतले. १८९९ च्या अवर्षणाने सरकारी भाकिताची पुरती फजिती केली. मग १९०४ साली हवामानखात्यावर आले गिल्बर्ट वॉकर: केंब्रिजचे गणिती, बूमरँगचे शौकीन, ह्या शास्त्रात मात्र नवखे! जगभरचे आकडे ताडता ताडता त्यांना एक झोका गवसला: प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला, की हिंदी महासागरावर उतरतो. गंमत अशी, की ह्या झोक्याचे नाते आमच्या पावसाआधीच्या महिन्यांपेक्षा नंतरच्या महिन्यांशीच घट्ट निघाले. आमचा पाऊस दुसऱ्यांचा ज्योतिषी! त्या झोक्याचा सोबती एल निनो १९९७ साली प्रचंड होता, तरी पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली तो मध्यमच, पण जुलैत पाऊस निम्मा पडला आणि पेरलेले वाळून गेले.