‘८० सी’ची कुळकथा

नव्या प्राप्तिकर कायद्यात ‘८० सी’ नावाचं कलम नाही. १९६१चा कायदा जाऊन २०२५चा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला आणि ‘८० सी’ची जागा कलम १२३ने घेतली. पीपीएफ, विम्याचा हप्ता, गृहकर्जाची मुद्दल, मुलांच्या शाळेची फी हे सगळं आता तिथे सापडतं. कलमाचा आकडा बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. या सवलतीचं घराणं सव्वाशे-दीडशे वर्षांचं आहे. ते मुळापासून तपासलं, की सरकार करातून सूट देतं तेव्हा त्याला बदल्यात काय हवं असतं, हे कळतं.

सुरुवातीला सवलतीचा प्रश्न नव्हता, कराचाच होता. १८५७च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली होती. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे संस्थापक जेम्स विल्सन यांना इंग्लंडहून हिंदुस्थानचे अर्थसदस्य म्हणून धाडण्यात आलं. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि २४ जुलैला प्राप्तिकराचा कायदा झाला. वर्षाला दोनशे ते पाचशे रुपये मिळवणाऱ्याला २ टक्के, त्यावर ४ टक्के. शेतीचं उत्पन्नही यातून सुटलं नव्हतं. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला इतका उघड विरोध केला, की त्यांना परत बोलावण्यात आलं. विल्सन स्वतः ऑगस्टमध्येच कलकत्त्यात आमांशाने गेले. डिसेंबरात वसईत या करावरून दंगा झाला. आपण किती मिळवतो हे फॉर्मवर लिहून सरकारला द्यायचं, ही कल्पनाच लोकांना नवी आणि अपमानाची वाटत होती. पाच वर्षांची मुदत संपल्यावर, १८६५ साली, हा कर बंद पडला.

पुढची वीस वर्षं धरसोडीत गेली. कधी लायसन्स टॅक्स, कधी सर्टिफिकेट टॅक्स, मध्ये पुन्हा प्राप्तिकर, तोही १८७३मध्ये रद्द. १८७८मध्ये लायसन्स टॅक्सवरून सुरतेत दंगल झाली. प्राप्तिकर कायमचा मुक्कामाला आला तो १८८६च्या कायद्याने. या कायद्याने शेतीचं उत्पन्न वगळलं, वर्षाला पाचशे रुपयांच्या आतल्या माणसाला सोडलं आणि आणखी एक छोटी तरतूद केली. आयुर्विम्याच्या हप्त्यापोटी भरलेल्या रकमेवर कर नाही, मात्र ही रक्कम उत्पन्नाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नसावी. ‘८० सी’चा मूळ पुरुष तो हाच.

एक षष्ठांशाचं हे प्रमाण ब्रिटिश अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्या काळातल्या, १८५३च्या विमासवलतीचं. ते इथे आल्यावर काय झालं, ते एका कारकुनाच्या पगारावर पाहू. महिना ५० रुपये, म्हणजे वर्षाला ६००. दोन हजारांच्या आतल्या पगाराला दर रुपयामागे ४ पै. म्हणजे २,४०० पै. १९२ पैंचा रुपया धरला तर साडेबारा रुपये कर. त्याने विम्याचा वर्षाला १०० रुपये हप्ता भरला, तर ४०० पै वाचले, म्हणजे २ रुपये १ आणा ४ पै. रक्कम लहान, पण सूट कोणाच्या कामाची होती ते पाहा. जमीनदाराचं शेतीचं उत्पन्न तर करातून सुटलेलंच होतं. पगारावर जगणाऱ्याच्या मागे मात्र ना वाडा, ना वतन. तो गेला की घर उघड्यावर. त्याने स्वतःच तजवीज करावी, सरकार त्याला थोडा हात देईल, असा हा सौदा होता.

१९२२च्या कायद्यातही विम्याची सूट कलम १५ म्हणून टिकली. १९३९च्या दुरुस्तीनंतर करपात्र माणसाने व्यक्तिगत नोटिशीची वाट न पाहता आपणहून विवरणपत्र भरायचं, असा नियम झाला. रिटर्न भरणं आणि त्यात सूट मागणं, या दोन्ही गोष्टी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडल्या त्या तिथून पुढे.

मग १९५६ साल उजाडलं आणि या कहाणीला वेगळंच वळण लागलं. अर्थमंत्री होते रायगड जिल्ह्यातल्या नात्याचे चिंतामणराव देशमुख. १९ जानेवारीला आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याचं त्यांनी आकाशवाणीवरून जाहीर केलं. देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्थांचा कारभार एकत्र झाला आणि १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली. तोपर्यंत हप्ता खासगी कंपनीकडे जात असे. आता सरकार एका हाताने करात सूट देणार आणि तोच हप्ता दुसऱ्या हाताने स्वतःच्या महामंडळात जमा करून घेणार. नियोजनाच्या काळात सरकारला भांडवल हवं होतं. ते उभं करण्याचा सोपा मार्ग म्हणजे नोकरदाराची बचत.

हे सूत्र कायद्यात पक्कं बसलं ते मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना. १९६७च्या वित्त कायद्याने ‘८० सी’ आणलं आणि १ एप्रिल १९६८पासून ते लागू झालं. त्याच वर्षी पीपीएफही सुरू झाला. विमा, भविष्य निर्वाह निधी असे बचतीचे नाना प्रकार एकाच कलमाखाली आले आणि गुंतवलेल्या रकमेचा ठराविक हिस्सा उत्पन्नातून वजा होऊ लागला.

वजावटीची किंमत कराच्या दरावर ठरते आणि त्या काळी दर अचाट होते. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना अधिभार धरून सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर पोचला होता. त्या पायरीवरच्या माणसाने एक रुपया वजा करून घेतला, की जवळजवळ पूर्ण रुपया वाचे. प्रत्यक्ष करांचा अभ्यास करणाऱ्या वांच्छू समितीच्या शिफारशीनंतर १९७४मध्ये चव्हाणांनीच हा दर ७७ टक्क्यांवर आणला. नोकरदारांची प्रमाणित वजावट म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनही त्याच वर्षीचं.

वजावटीत एक गोम असते. ती उत्पन्नातून होते, म्हणून ज्याचा दर जास्त त्याचा फायदा जास्त. आजच्या जुन्या करप्रणालीतले दर घ्या आणि लहान उत्पन्नाला मिळणारी करातली सूट तूर्त बाजूला ठेवा. तिघांनी प्रत्येकी दीड लाख पीपीएफमध्ये टाकले. ५ टक्क्यांच्या पायरीवरच्याचे साडेसात हजार वाचतात, २० टक्केवाल्याचे तीस हजार आणि ३० टक्केवाल्याचे पंचेचाळीस हजार. बचत सारखी, पण बक्षीस सहापट. कमी मिळवणाऱ्याला दीड लाख बाजूला काढणं अधिक कठीण, तरी त्यालाच सर्वांत कमी.

ही गोम काढून टाकण्याचा प्रयत्न १९९०मध्ये झाला. अर्थमंत्री होते प्रा. मधु दंडवते, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले, राजापूरचे समाजवादी खासदार. त्यांच्या अर्थसंकल्पाने ‘८० सी’ बाजूला सारलं आणि कलम ८८ आणलं. आता गुंतवणूक उत्पन्नातून वजा होणार नव्हती. तिच्या २० टक्के रक्कम थेट करातून कमी होणार होती. दहा हजार गुंतवणाऱ्या प्रत्येकाचे दोन हजार वाचणार, मग तो कोणत्याही पायरीवर असो. कलम ८८ची भावंडंही पुढे आली: १९९२मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी ८८ बी आणि २०००मध्ये स्त्रियांसाठी पाच हजारांपर्यंतची सूट देणारं ८८ सी. २००२मध्ये तर पाच लाखांवर उत्पन्न असलेल्यांची कलम ८८ची सूट बंदच झाली.

त्याच वर्षी विजय केळकर यांच्या कृतिगटाने उलटा सूर लावला. या सवलतींनी कायदा गुंतागुंतीचा होतो, त्या काढा आणि करमुक्त मर्यादा वाढवा, असं त्यांचं म्हणणं होतं. २००५मध्ये अर्थमंत्री चिदंबरम यांनी यातलं अर्धं ऐकलं. कलम ८८ आणि त्याची भावंडं गेली, प्रमाणित वजावटही गेली, करमुक्त मर्यादा वाढली. पण बचतीची सवलत काही सुटेना. ‘८० सी’ एक लाखाची मर्यादा घेऊन परतलं, ते पुन्हा वजावट म्हणूनच. २०१४मध्ये ही मर्यादा दीड लाख झाली आणि आजही तेवढीच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे गोळा करणं, कोटा भरला नाही म्हणून मार्चच्या शेवटी घाईघाईने पॉलिसी काढणं, ही रीत याच कलमाने रुजवली.

दंडवत्यांची कल्पना मात्र वेगळ्या दाराने परत आली. २०१३मध्ये कलम ८७ ए आलं: पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर करात दोन हजारांची सूट. गुंतवणुकीची अट नाही, पुरावा नाही. ही सूट २०१९मध्ये साडेबारा हजार झाली, नव्या करप्रणालीत २०२३मध्ये पंचवीस हजार आणि २०२५मध्ये साठ हजार. हा शेवटचा आकडा कुठून आला, ते रिटर्न भरताना स्पष्ट दिसतं. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या चारवर ५ टक्क्यांनी वीस हजार, त्यापुढच्या चारवर १० टक्क्यांनी चाळीस हजार. बारा लाखांवर नेमका साठ हजार कर होतो आणि तेवढीच सूट मिळून शून्य उरतो. उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर कर साडेएकसष्ट हजार येतो, पण वाढीव उत्पन्नाहून जास्त कर घ्यायचा नाही, असा नियम असल्याने दहा हजारच भरावे लागतात, शिवाय उपकर. शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नावर मात्र ही सूट लागू नाही. पुष्कळांचं गणित इथेच चुकतं.

दुसरा घोळ टीडीएसचा. पगारातून कर परस्पर कापण्याची रीत १८८६च्या कायद्यातही होती. पण ती सवलत नव्हे, तो आपणच आधी भरलेला कर आहे. म्हणून रिटर्नमध्ये तीन रकमा तीन जागी येतात: वजावट उत्पन्नातून, सूट करातून आणि टीडीएस अगदी शेवटी, भरायच्या रकमेतून. फॉर्म १६ आणि २६ एएस यांतले टीडीएसचे आकडे जुळत नसतील, तर परतावा अडकतो.

२०२०मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत दर कमी आहेत, पण ‘८० सी’ची वजावट नाही. २०२३पासून हीच प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. घरभाडं आणि गृहकर्ज दोन्ही मोठं असलेल्याने दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. बाकी बहुतेकांना नवीच स्वस्त पडते. म्हणजे कलम १२३ कायद्यात आहे, पण त्याच्या वाटेला जाणारे कमी होत चालले आहेत.

याचा अर्थ सरकारला आपल्या बचतीची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. बाजार मोठा झाला, कर्ज उभारायच्या वाटा वाढल्या. सूट मिळत होती तोवर नोकरदार म्हातारपणासाठी, मुलांसाठी पैसा बाजूला टाकत होता, अर्धा सक्तीने आणि अर्धा मोहाने. आता तो मोह उरला नाही. बचतीचं कारण ज्याचं त्याने शोधायचं आहे आणि विमा विकणाऱ्यांना ‘टॅक्स वाचेल’ याखेरीज दुसरं काहीतरी पटवून द्यावं लागणार आहे.