मेंदूच्या गंभीर दुखापतीत संगीतोपचार

८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतील टूसॉन शहराजवळ प्रतिनिधिगृहाच्या सदस्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी शिरली. मेंदूची डावी बाजू जबर दुखावली, वाचा गेली. मात्र ह्यूस्टनच्या पुनर्वसन रुग्णालयात बोलताना अडणारे शब्द गाण्यात त्यांच्या ओठांवर येऊ लागले.

बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतात. सूर-लयीचा कारभार दोन्हीकडे वाटलेला असतो. १९७३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मांडलेली पद्धत यावरच उभी आहे. ‘पाणी हवंय’सारखे रोजचे वाक्य दोन स्वरांत गुणगुणायचे, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने हलकी थाप द्यायची, मग सूर हळूहळू काढून घ्यायचा.

शुद्ध पुरती न आलेल्या रुग्णांबाबत काम फारच नाजूक. उपचारक रुग्णाच्या श्वासाच्या लयीत गातो आणि पापणी लवली का, नजर वळली का, हे टिपतो. रुग्णाला कोणते गाणे ओळखीचे, हे घरचेच सांगू शकतात. दिवसदिवस उशाशी नुसते बसून राहिलेल्या आईला तेव्हा लेकरासाठी काही करता येते. हे थोडे नव्हे.

गिफर्ड्स यांना लांब वाक्ये आजही जड जातात. लहानपणी शिकलेले फ्रेंच हॉर्न त्यांनी पुन्हा हाती घेतले आहे.