एकादशीच्या ताटाचा कुलवृत्तांत

कोकणात घराण्याचा कुलवृत्तांत छापायची जुनी हौस आहे. मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, कुठल्या गावी स्थिरावला, शाखा कुठे पांगल्या, हे सारं वंशवृक्षासकट बांधून ठेवतात. रत्नागिरीतल्या एकादशीच्या ताटाचा असा कुलवृत्तांत लिहायचा झाला, तर बहुतेक मूळ पुरुष समुद्रापलीकडचे निघतात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोची, रताळं आणि लाल भोपळा मध्य अमेरिका व तिच्या लगतच्या मुलखातले. खिचडीतून ही मंडळी उठून गेली तर मागे तूप, जिरं, मीठ आणि वर पेरलेलं ओलं खोबरं उरतं. एवढं आता अनेकांना ठाऊक असतं. मला सांगायचं आहे ते राजगिऱ्याबद्दल, कारण त्याची कथा या सगळ्यांहून वेगळी आहे.

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला, शोचिमिल्कोच्या परिसरात, तुल्येवाल्को नावाचं गाव आहे. ते एका गोड पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. बारीक, फिकट दाणे तापलेल्या तव्यावर टाकून फुलवायचे, मधात किंवा उसाच्या न गाळलेल्या गुळासारख्या ढेपेच्या पाकात घोळवायचे आणि थापून वड्या पाडायच्या. त्याला तिकडे अलेग्रिया म्हणतात. दाणा राजगिऱ्याचा. आपल्याकडे उपवासाला मिळणारी राजगिऱ्याची वडी आणि ही अलेग्रिया शेजारी ठेवली, तर कुठली कुणाची हे सांगता येणार नाही. साम्य एवढ्यावर थांबतं असं मात्र नाही.

स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत या धान्याला हुआउत्ली म्हणत. अ‍ॅझ्टेक राजाला मिळणाऱ्या खंडणीत मका, घेवडा, चिया आणि हुआउत्ली ही चार धान्यं होती. त्यांपैकी हुआउत्लीचं पूजेतलं स्थान विशेष होतं. त्याच्या पिठात मध किंवा घायपातासारख्या मागुए या झाडाचा गोड पाक मिसळून कणीक मळत आणि तिच्यातून देवाची मूर्ती घडवत. वित्सिलोपोच्त्ली या देवाची अशी मूर्ती उत्सवात पुजली जाई, मग ती मोडून तिचे तुकडे लोकांना वाटत. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने हे तपशिलात लिहून ठेवलं. देवाचं शरीर म्हणून पिठाचा तुकडा खाणं पाहून स्पॅनिश पाद्री हादरले, कारण त्यांच्याही चर्चमध्ये तसाच एक विधी होता. त्यांनी ही पूजा मोडून काढली आणि तिच्याबरोबर पीकही मागे पडत गेलं. स्वतःच्या मुलखातल्या देवघरातून हद्दपार झालेलं हे धान्य पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, दुसऱ्याच देवाच्या तिथीला पुन्हा पवित्र ठरलं. माझ्या साऱ्या शोधाचा खुंटा हा आहे.

आता पहिला वाद. राजगिरा खरंच तिकडून आला का? की तो इथलाच? माठ आणि तांदुळजा हे त्याचे भाऊबंद आपल्या परसात फार पूर्वीपासून आहेत, म्हणून शंका रास्त आहे. शिवाय कोलंबसाच्या आधीच अमेरिकेतली पिकं भारतात पोहोचली होती, असं म्हणणारा एक पक्ष आहे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भरहुतच्या प्राचीन स्तूपावरच्या शिल्पात सीताफळ हे अमेरिकी फळ दिसलं होतं. कार्ल जोहानेसन आणि अ‍ॅन पार्कर यांनी १९८९ साली असं मांडलं की कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ मंदिरात मूर्तींच्या हाती मक्याची कणसं आहेत. हा लेख वाचताना कुणीही भारावून जाईल. पण पायक आणि सचान या भारतीय मकातज्ज्ञांनी त्याला दिलेलं उत्तर मला जास्त पटतं. हाती आहे ते मोत्यांनी मढवलेलं मुक्ताफळ, मक्याचं कणीस नव्हे. ज्या मक्याची शेती कर्नाटकात शतकानुशतकं होत होती असं मानायचं, त्याचा मागमूस शेताच्या वर्णनात नाही, स्वयंपाकात नाही, करवसुलीत नाही, आणि तो फक्त देवीच्या हातात सापडतो, हे कसं मानावं?

राजगिऱ्याच्या बाबतीत वनस्पतिशास्त्राचा कौल अधिक स्पष्ट आहे. जोनाथन सॉवर यांनी १९५० साली धान्यासाठी लावल्या जाणाऱ्या राजगिऱ्यांचा मोठा आढावा घेतला. दाण्यासाठी लावतात त्या मुख्य जाती तीन. एक मेक्सिकोची, एक मध्य अमेरिकेची, एक अँडीजची. त्यांचे रानटी पूर्वज तिकडे, जुन्या गुहांतले त्यांचे दाणेही तिकडे. आपल्या माठाची बी काळी आणि चकचकीत असते. राजगिऱ्याची फिकट, पिवळसर असते, आणि हा फिकटपणा शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्याची खूण आहे. ती निवड अमेरिकेत झाली. माठ इथला, राजगिरा पाहुणा, असा निकाल मी बिनदिक्कत देतो.

मग तो आला कोणत्या वाटेने? इथे माझा स्वतःचा एक पक्ष आहे.

सर्वसाधारण समज असा की अमेरिकेतलं जे काही आलं ते पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, गोव्यात उतरवलं आणि तिथून ते किनाऱ्याने वर सरकलं. काजूच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण ब्राझीलमध्ये राजगिरा धान्य म्हणून पिकतच नव्हता, तर तो तिकडून कसा येईल? दुसरा पक्ष म्हणतो की तो युरोपच्या बागांतून आला. राजगिऱ्याची लालभडक तुरे असलेली झाडं तिकडे शोभेसाठी लावत, आणि शोभेची बी हातोहात जगभर जाते. हा पक्ष कमजोर नाही. पण शोभेचं झाड दाण्यासाठी पिकवायचं कुणाला आणि का सुचावं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

माझा पक्ष पॅसिफिकचा. १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं, स्पॅनिश गलबतं मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपिन्सच्या मनिलाला ये-जा करत. मनिलाहून मलाक्का, मलाक्क्याहून गोवा हा पोर्तुगीजांचा नेहमीचा रस्ता. शिवाय १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या छत्राखाली होते. याला साक्षीदारही आहे, आणि तो पपईचा. यान हुइगेन फान लिन्स्कोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने नोंदवलं आहे की पपई स्पॅनिश इंडीजमधून, फिलिपिन्सच्या बाजूने मलाक्क्याला आणि तिथून भारतात आली. मध्य अमेरिकेतलं नाशवंत फळ जर या वाटेने बियांच्या रूपात गोव्यापर्यंत पोहोचलं, तर ग्रॅमभरात हजारावर दाणे मावणारं, वर्षानुवर्षं टिकणारं सुकं धान्य का पोहोचू नये? एखाद्या खलाशाच्या बटव्यातली चिमूटही पुरेशी होती. गोव्यात उतरलेली नवी बी रत्नागिरीच्या खाड्यांत शिरायला मचवे आणि पडाव होतेच. दाभोळसारखं बंदर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने जाळलं तरी व्यापार थांबला नव्हता.

यावर आक्षेप येतो: समुद्रातून आला तर राजगिरा हिमालयात एवढा कसा रुजला, आणि कोकणात शेत म्हणून का दिसत नाही? माझं उत्तर त्याच्या जन्मभूमीत आहे. मेक्सिकोची ही जात उंच पठारावरची. रत्नागिरीच्या धो धो पावसात तिचा तुरा भरून दाणा वाळायचा कसा? म्हणून ती किनाऱ्यावर फक्त उतरली आणि आपल्यासारख्याच कोरड्या, उंच जागा शोधत घाटावर आणि हिमालयाकडे गेली. आजही रत्नागिरीचं एकादशीचं ताट राजगिरा घाटावरूनच मागवतं.

दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. ही परकी मंडळी आली ती आली, पण उपवासाला कशी चालू लागली? सोपं उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे. शास्त्राची निषिद्ध यादी जुनी, नव्या पदार्थांची नावं तिच्यात नव्हती, म्हणून पळवाट मिळाली. हे उत्तर मला मान्य नाही. नवेपणा पुरेसा असता, तर मकाही चालला असता. तोही अमेरिकेचा, तोही यादीबाहेरचा. फरसबी आणि राजमाही चालले असते. आपल्याकडे एकादशीला मक्याचं कणीस भाजत नाहीत आणि राजमा शिजवत नाहीत. उलट वरी हे इथलं जुनं तृणधान्य असून वऱ्याचे तांदूळ चालतात, आणि त्याच वरकस जमिनीत पिकणारी नाचणी बहुतेक घरांत चालत नाही.

चिपळूणजवळचे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना व्रतांना जवळपास एक खंड दिला. तो १९५८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी परंपरेने मोजल्या आहेत, त्यांत पाणी, मूळ, फळ, दूध आणि हविष्य येतात. माझ्या मते कोकणातल्या बायकांनी नवा पदार्थ हाती आल्यावर यादी पाहिली नाही, त्याचं रूप पाहिलं. रताळं, बटाटा, साबुदाण्याचा कंद हे मूळ. भोपळा, पपई हे फळ. मका कणसात येतो, म्हणून धान्य. राजमा शेंगेत येतो, म्हणून कडधान्य. आणि शेंगदाणा? वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो तुरी-मुगाचाच भाऊ. पण तो जमिनीखाली लागतो, खणून काढावा लागतो, म्हणून मुळांच्या पंक्तीत बसला आणि आमसुलं घातलेल्या दाण्याच्या आमटीने वऱ्याच्या तांदळाशेजारी जागा पटकावली. शेंगदाण्याचा हा निवाडा माझ्या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. राजगिरा तर माठासारख्या पालेभाजीचं बी, रानातल्या ऋषिधान्याच्या जवळचं. त्याला लाह्या करून गुळात वळायची रीतही तयार होती, कारण लाह्या आपल्याकडे लग्नातल्या लाजाहोमाइतक्या जुन्या. मेक्सिकोशी आपलं साम्य तंत्रापुरतं योगायोगाचं, बी मात्र तिकडचं. टोमॅटो फळ असून बाहेर राहिला, तो इंग्रजी अमलात उशिरा आला म्हणून. तोवर पंगत भरली होती.

ताटातल्या या पाहुण्यांची पंगत त्यांच्या मूळ मुलखात कशी मांडली जाते हे पाहिलं, की दीर्घायुष्याचा मुद्दा येतो. कोस्टा रिकाच्या निकोया द्वीपकल्पातले म्हातारे जगप्रसिद्ध आहेत. लुईस रोसेरो-बिक्सबी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की निकोयातल्या साठीच्या पुरुषाची शंभरी गाठण्याची शक्यता जपानी पुरुषाच्या सातपट आहे. म्हातारपणी वय वाढवून सांगायची सवय सगळीकडे असते, म्हणून त्यांनी जन्माच्या सरकारी नोंदी ताडून पाहिल्या. तिथलं जुनं जेवण म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या भाकऱ्या, काळा घेवडा, भोपळा, भात, पपई. मक्यात लायसिन कमी, ते घेवडा भरून काढतो. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन मोकळं होतं आणि कॅल्शियमही मिळतं. युरोपात मका चुन्याशिवाय गेला आणि उत्तर इटली, स्पेनमधले गरीब नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने मेले. बी प्रवास करतं, त्याचं ज्ञान मागे राहतं. निकोयातही हे ज्ञान पिढ्यांबरोबर पातळ होतं आहे. १९३० नंतर जन्मलेल्यांत तिथला आयुष्याचा फायदा ओसरत गेल्याचं रोसेरो-बिक्सबी यांनीच पुढे मांडलं.

एकादशीच्या ताटाने त्या मध्य अमेरिकी पंगतीचे दोन तुकडे केले. भोपळा, रताळं, पपई आत घेतली. मका आणि घेवडा बाहेर ठेवला. त्यातही साबुदाणा पुढे आला, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यावर बटाटा, तळलेले वडे, म्हणून तर एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात. या ताटात घेवड्याची उणीव भरून काढू शकेल असा एकच पाहुणा आहे, राजगिरा. शंभर ग्रॅममध्ये सुमारे तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं, साधारण एकशे साठ मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि भातात, मक्यात, शेंगदाण्यातही कमी पडणारं लायसिन त्याच्यात भरपूर.

रत्नागिरी जिल्ह्याला शंभरीची नवलाई नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले, शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले आणि १९६२ साली, एकशे चौथ्या वर्षी गेले. त्यांच्या आयुष्याचं श्रेय मी कुठल्या दाण्याला देणार नाही. निकोयाचंही श्रेय एका पदार्थाला नाही. चालणं, कष्ट, नात्यातली माणसं, साधं रोजचं जेवण यांना मिळून ते आहे. पण ताटाबद्दल एवढं निश्चित सांगतो. मेक्सिकोत पूजेतून उठवलेलं धान्य आपण तिथीपुरतं सांभाळलं, हे मोठंच काम झालं. आता त्याला तिथीच्या बाहेर काढावं. एकादशीला खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, आणि द्वादशीच्या पारण्याला तीच भाकरी राजम्याच्या उसळीबरोबर. जुन्या बायकांनी रूप पाहून ताट लावलं. आपल्याला त्याचं कूळही ठाऊक झालं आहे, तर दुभंगलेली पंगत पुन्हा एकत्र मांडणं आपल्याच हातात आहे.